नववीतला वार्ताहर

१८८२ च्या जुलैत मुंबईत चाललेल्या एका खटल्यात पुण्याच्या दोन तरुण संपादकांना चार महिन्यांची साधी कैद झाली. दोघंही न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवत होते, दोघांची वृत्तपत्रं जेमतेम दीड वर्षाची होती आणि ज्या प्रकरणात ते अडकले ते पुण्याचं नव्हतंच, कोल्हापूरचं होतं. ‘केसरी’चे संपादक गोपाळ गणेश आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक बाळ गंगाधर टिळक. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेड लागल्याचं सांगून डांबून ठेवलंय, त्यांचा छळ चाललाय, अशी कुजबुज तेव्हा सगळीकडे होती. या छळामागे दिवाण रावबहादूर माधवराव बर्वे आहेत असं दाखवणाऱ्या चिठ्ठ्या पुण्यात पोचल्या. त्यांवर नाव खुद्द बर्व्यांचं होतं. दोन्ही वृत्तपत्रांनी त्यांच्या भरवशावर मजकूर छापला, बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली, आणि कोर्टात चिठ्ठ्या बनावट ठरल्या. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, पण शिक्षा टळली नाही. सूट मिळून १०१ दिवसांनी दोघे डोंगरीच्या तुरुंगातून बाहेर आले. त्या दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तकच लिहिलं.

या प्रकरणाचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. २५ डिसेंबर १८८३ रोजी, अवघ्या विसाव्या वर्षी, महाराजांचा अहमदनगरला मृत्यू झाला. त्यांच्यावर देखरेखीसाठी ठेवलेल्या इंग्रज शिपायाशी झालेल्या झटापटीत हा अंत झाला. म्हणजे महाराजांची काळजी वाटणाऱ्या संपादकांचा जीव उगाच तुटत नव्हता. पुढे मार्च १८८४ मध्ये कागलचे यशवंतराव घाटगे गादीवर दत्तक आले आणि कोल्हापूरला राजर्षी शाहू मिळाले. इतिहास पुढे सरकला, पण पत्रकारितेच्या दृष्टीनं त्या खटल्यातली गोष्ट तशीच उरली: संशयाला आधार होता, हेतू चांगला होता, लिहिणारे त्या पिढीतले अत्यंत बुद्धिमान लोक होते, आणि तरीही हातातला कागद खोटा होता. चांगल्या हेतूनं खोटा कागद खरा झाला नाही.

आज कोल्हापुरातल्या नववीतल्या मुलाच्या हातात तसा कागद दिवसाकाठी अनेकदा येतो. कधी स्क्रीनशॉट, कधी कुणाच्या आवाजातली क्लिप, कधी ‘आत्ताच घडलंय’ असं लिहिलेला व्हिडिओ. टिळक-आगरकरांना मजकूर लिहून काढावा लागे, छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस तो जुळवी, मुद्रितं तपासली जात, मग अंक निघे. मधल्या वेळात मन बदलायला, कुणाला विचारायला, एखादी ओळ काढून टाकायला जागा होती. तेवढी जागा असूनही चूक झाली. नववीतल्या वार्ताहराला ती जागाच नाही. त्याचा छापखाना, अंक आणि वाटप करणारा पोऱ्या हे सगळं एका बोटाखाली आहे.

आणि त्या बोटाची किंमत या शहरानं अलीकडेच मोजली आहे. ६ जून २०२३ ला, शिवराज्याभिषेक दिनी, काही जणांनी औरंगजेबाचं उदात्तीकरण करणारे स्टेटस ठेवले. संध्याकाळपर्यंत जमाव जमला, दुसऱ्या दिवशी बंदची हाक आली. ७ जूनला छत्रपती शिवाजी चौकात आणि आसपास जमलेल्या गर्दीतून दगडफेक झाली, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला, जिल्ह्यातलं इंटरनेट बंद झालं. ज्यांच्या दुकानांवर आणि गाड्यांवर दगड पडले त्यांचा त्या स्टेटसशी काडीचाही संबंध नव्हता. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलंही होती. वय कळायच्या आधीच त्यांच्या पोस्ट हजारो फोनवर पोचल्या होत्या.

ते स्टेटस म्हणजे पत्रकारिता नव्हे, हे उघड आहे. पण शाळेतल्या पत्रकारितेचा विचार त्या दिवसापासूनच सुरू करावा लागतो. कारण त्या घटनेनंतर प्रौढांना सुचलेला उपाय एकच होता: मुलांच्या हातातून फोन काढा. बहुतेक शाळांचं समाजमाध्यमांविषयीचं धोरण आजही दैनंदिनीतल्या एका ओळीएवढंच आहे. मोबाइल आणू नये, आणल्यास जप्त होईल. मुलांनी काय करू नये एवढंच त्यात आहे. करायचंच असेल तर कसं, याबद्दल त्यात अक्षर नाही.

बंदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांना हसण्यावारी नेऊ नये. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजवून टीव्ही आणि मोबाइल दीड तास बंद ठेवायची पद्धत सुरू केली. तिचं वेगळेपण असं की भोंगा मोठ्यांसाठीही वाजतो. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामसभेनं अठराखालच्या मुलांना मोबाइल वापरायला बंदी घातली. ऑस्ट्रेलियात तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या समाजमाध्यमांवर खातं ठेवता येत नाही. मुलांच्या झोपेची, अभ्यासाची, मनःस्वास्थ्याची चिंता या सगळ्यांमागे आहे आणि ती रास्त आहे. मात्र हे सगळे नियम मुलाला ग्राहक समजून केलेले आहेत. किती वेळ पाहायचं, काय पाहायचं, किती वाजता थांबायचं. शाळेच्या नावानं बातमी देणारं मूल ग्राहक नसतं. ते प्रकाशक असतं. प्रकाशकाला वेळापत्रक देऊन भागत नाही, त्याला कामाची रीत शिकवावी लागते.

ती रीत शिकवण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजींनी मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक चालवलं, त्यातून पुढे १९२८ साली ‘विद्यार्थी’ मासिक आलं. दिल्लीत रस्त्यावर राहणारी आणि काम करणारी मुलं ‘बालकनामा’ नावाचं वृत्तपत्र काढत आली आहेत. त्यात ज्यांना लिहिता येत नाही अशी मुलंही वार्ताहर असतात. ती बातमी तोंडी सांगतात आणि लिहिता येणारी उतरवून घेतात. आणि कोल्हापूरचं म्हणायचं तर, ज्यांचं कुणी छापत नाही त्यांनी स्वतःचं पत्र काढावं, या विचाराला याच गादीनं पैसा पुरवला. ३१ जानेवारी १९२० ला सुरू झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या ‘मूकनायक’साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. त्या शहरातल्या शाळेनं आपल्या मुलांच्या बोलण्याला भ्यावं हे शोभत नाही.

हक्काचा प्रश्न तर फार आधी मिटलेला आहे. संविधानाच्या कलम १९ मधल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला वयाची अट नाही. भारतानं डिसेंबर १९९२ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या तेराव्या कलमात मुलांना आपल्या पसंतीच्या माध्यमातून माहिती मिळवण्याचा आणि देण्याचा हक्क आहे. त्याच कलमात त्याची मर्यादाही आहे, ती म्हणजे दुसऱ्यांचे हक्क आणि त्यांची प्रतिष्ठा. शाळेचं धोरण म्हणजे या दोन वाक्यांचा रोजच्या कामात लावलेला अर्थ, एवढंच.

पण हक्क कागदावर असून पुरत नाही, हे महाराष्ट्रानं पालघरला पाहिलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर प्रश्न विचारला, दुसरीनं त्या मजकुराला पसंती दिली, आणि दोघींना अटक झाली. त्या अटकेनं अस्वस्थ झालेल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीनं, श्रेया सिंघलनं, सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. हा निकाल अभ्यासक्रमात असो वा नसो, शाळेतल्या प्रत्येक वार्ताहराला माहीत असायला हवा. त्यातून त्याला दोन गोष्टी कळतात: मत मांडणं हा गुन्हा नाही, आणि गुन्हा नसतानाही मत मांडणाऱ्याला त्रास होऊ शकतो. म्हणून त्याच्या पाठीशी कुणीतरी हवं. ते कुणीतरी म्हणजे शाळा.

शाळा पाठीशी राहते की मानगुटीवर बसते, यावर अमेरिकेत बरंच कायदेशीर रण पेटलं. मिसुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी १९८३ साली विद्यार्थी वृत्तपत्राची दोन पानं काढून टाकली. एका लेखात गरोदर राहिलेल्या विद्यार्थिनींचे अनुभव होते, दुसऱ्यात आईवडिलांच्या घटस्फोटाचे. मुख्याध्यापकांच्या शंका मात्र नीट पाहण्यासारख्या आहेत. नावं बदलूनही त्या मुली ओळखू येतील असं त्यांना वाटलं, आणि घटस्फोटाच्या लेखात वडिलांवर आरोप होता पण त्यांची बाजू नव्हती. या दोन्ही शंका कुठल्याही चांगल्या वृत्तसंपादकानं घेतल्या असत्या. फरक असा की संपादकानं वार्ताहराला बोलावून सांगितलं असतं, ‘वडिलांना फोन कर, त्यांचं म्हणणं घे, हा तपशील गाळ.’ मुख्याध्यापकांनी मुलांना न विचारता पानंच गाळली. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूनं कौल दिला, आणि त्यानंतर काही राज्यांनी विद्यार्थी पत्रकारांना संरक्षण देणारे स्वतःचे कायदे केले. त्यांत कॅन्सस राज्य होतं. तिथला कायदा १९९२ चा.

त्या कायद्याचं फळ २०१७ मध्ये दिसलं. कॅन्ससमधल्या पिट्सबर्ग हायस्कूलमध्ये नव्या मुख्याध्यापिकेची नेमणूक जाहीर झाली. शाळेच्या वृत्तपत्रासाठी तिची ओळख लिहायला बसलेल्या मुलांना तिच्या पदव्यांची माहिती जुळेना. ज्या विद्यापीठाचं नाव होतं त्याची मान्यता कुठे सापडेना. मुलांनी संशय जाहीर केला नाही, की कुठे खोचक ओळ टाकली नाही. फोन केले, ईमेल पाठवले, शिक्षण खात्याकडे चौकशी केली, स्वतः त्या बाईंनाही प्रश्न विचारले, आणि मग बातमी छापली. काही दिवसांतच त्या बाईंनी राजीनामा दिला. या प्रकरणात सगळ्यात शिकण्यासारखं वागल्या त्या मुलांच्या मार्गदर्शक शिक्षिका. नेमणूक करणाऱ्या समितीत त्या स्वतः होत्या, म्हणून या बातमीपुरत्या त्या बाजूला झाल्या आणि मुलांना बाहेरच्या जाणकारांचा सल्ला घेऊ दिला. १८८२ च्या चिठ्ठ्या आणि २०१७ च्या पदव्या यांच्यामधलं अंतर म्हणजे हे चार-दोन फोन आणि ही एक सचोटी.

कोल्हापुरात हे कसं उतरेल?

सुरुवात फुटबॉलपासून करावी. कारण इथली मुलं सगळ्यात आधी आणि सगळ्यात हिरिरीनं लिहितील ती शाहू स्टेडियमवरच्या सामन्यांबद्दल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या संघांची नावं इथे घराघरात आहेत. निष्ठा पेठेबरोबर जन्मतःच मिळते. सामन्यानंतर समर्थकांच्या पानांवर काय भाषा चालते हे वेगळं सांगायला नको. आता समजा, शिवाजी पेठेत राहणारा नववीतला मुलगा समाजमाध्यमांवरच्या शाळेच्या पानासाठी शिवाजी तरुण विरुद्ध पाटाकडील असा सामना लिहितो आहे. त्यानं संध्याकाळी शाळेच्या पानावर वृत्तांत द्यायचा आणि रात्री स्वतःच्या खात्यावरून समोरच्या संघाला शिव्या घालायच्या, हे चालणार नाही. वाचणाऱ्याला खाती दोन दिसत असली तरी मुलगा एकच दिसतो. नियम साधा करता येतो: ज्या विषयावर शाळेसाठी लिहितोस, त्या विषयावर स्वतःच्या खात्यावरून कुणाची बाजू घेऊन भांडू नकोस. ते जमत नसेल तर तो सामना दुसऱ्याला दे. आणि आपला संघ कोणता हे संपादक मंडळाला आधी सांग. मोठ्या पत्रकारांना हितसंबंध जाहीर करायला शिकवणं अवघड जातं. पेठेतल्या मुलाला ते फुटबॉलवर पटकन समजतं.

दुसरा धडा पंचगंगा नदीचा. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे आकडे इथल्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. पुराच्या दिवसांत शहर फोनवर जगतं. कुठला रस्ता बंद, कुठे बोट हवी, कुठल्या धरणातून किती विसर्ग. त्याच फोनवर धरणाबद्दलच्या अफवाही फिरतात आणि लोक रात्रीतून घरं सोडतात. शाळेच्या वार्ताहरानं या दिवसांत काय करावं? पाटबंधारे विभागाचा आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा आकडा घ्यावा, तो किती वाजताचा आहे हे लिहावं, आणि नवा आकडा आला की जुन्या पोस्टवर तसं नोंदवावं. वेळ न लिहिलेली पाणीपातळी खरी असूनही खोटी ठरते. सहा तासांपूर्वीचा ४१ फुटांचा आकडा खरा होता, पण आता पाहणाऱ्या माणसाला तो घरात थांबायला सांगतो. हे मुलांना एकदा समजलं की तारीख आणि वेळ त्यांच्या बोटांतून आपसूक येते.

अफवेनं माणसं मरतात हेही त्यांना सांगितलं पाहिजे, त्यांच्या वयाला झेपेल अशा शब्दांत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. त्यामागे व्हॉट्सअॅपवर फिरणारे संदेश होते. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच चॅट्सना पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ते संदेश पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण मुलांचं रक्षण करतोय असंच वाटत असणार. चांगल्या हेतूनं ओढवलेल्या अनर्थाचं याहून भयंकर उदाहरण महाराष्ट्राकडे नाही.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. जुलै २०२५ च्या अखेरीस नांदणीच्या जैन मठातली हत्तीण महादेवी, लोकांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशानं जामनगरच्या ‘वनतारा’ प्राणिकेंद्रात नेली गेली आणि अख्खा जिल्हा हळहळला. मोठी पदयात्रा निघाली, समाजमाध्यमांवर मोहीम उभी राहिली, वनतारा चालवणाऱ्या उद्योगसमूहाच्या मोबाइल कंपनीची सिमकार्डं लोकांनी बदलली. शिरोळ तालुक्यातल्या मुलांनी त्या दिवसांत रडत व्हिडिओ पाहिले, पुढे पाठवले. अशा वेळी शाळेच्या पानानं काय करावं? भावना लपवावी असं कुणी म्हणणार नाही. पण उच्च न्यायालयानं आदेश कशाच्या आधारे दिला, प्राणिहक्क संघटनेनं हत्तिणीच्या प्रकृतीबद्दल काय म्हटलं होतं, मठाचं म्हणणं काय होतं, हे तिन्ही एका जागी देणारी मुलांची बातमी त्या गदारोळात किती मोलाची झाली असती! स्वतःचं मन एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूचं म्हणणं तिच्या शब्दांत नीट मांडता येणं, ही या धंद्यातली सगळ्यात अवघड कसोटी आहे. ती पंधराव्या वर्षी पार करता येते. फक्त कुणीतरी ती घ्यायला हवी.

आता कायद्याचं. हा भाग मुलांना आधी आणि शिक्षकांना त्याहून आधी शिकवायला हवा, कारण यात चूक झाली तर भोगणारं तिसरंच मूल असतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या, पीडित किंवा साक्षीदार असलेल्या बालकाची ओळख उघड करता येत नाही. नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याचं कलम २३ आणखी पुढे जातं. पूर्ण आणि खात्रीशीर माहिती नसताना कुठल्याही मुलाची अप्रतिष्ठा होईल किंवा खासगीपणा भंगेल असं काही माध्यमांतून मांडू नये, असं ते सांगतं. शाळेतल्या पत्रकारितेच्या सगळ्या नीतीचं सार या एका कलमात आधीच लिहून ठेवलेलं आहे.

शहर लहान असलं की ओळख लपवणं अवघड होतं. नाव गाळलं, पण इयत्ता, तुकडी आणि गल्ली दिली, तर पेठेत कुणाला कळायचं राहतं? ‘शाळेच्या बसला अपघात, आठवीतली मुलगी जखमी’ एवढी ओळ दिली की दोन मिनिटांत तिच्या आईचा फोन वाजतो. कधी तर आईला ती बातमी शाळेच्या पानावरूनच पहिल्यांदा कळेल. म्हणून आणखी एक नियम: अपघात, आजारपण, मृत्यू यांची बातमी घरच्यांना कळल्याशिवाय द्यायची नाही, आणि ती कळल्याचं शिक्षकांकडून समजल्याशिवाय तर नाहीच. फोटोचंही तसंच. स्नेहसंमेलनातला नाच टिपणं वेगळं, रडणाऱ्या वर्गमैत्रिणीचा चेहरा टिपणं वेगळं. जिचा फोटो आहे तिनं ‘नको’ म्हटलं की तो विषय संपला पाहिजे, कारण विचारायचं नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवलेलं चित्र किंवा आवाज बातमीत मुळीच वापरू नये. त्यावर ‘काल्पनिक’ असं लिहिलं तरी स्क्रीनशॉट घेताना ती ओळ कापली जाते.

निनावी ‘कन्फेशन’ पानं हा शाळांचा सध्याचा मोठा घोर आहे. कुणी कुणाबद्दल काहीही लिहून पाठवावं, चालवणाऱ्यानं ते जसंच्या तसं टाकावं, आणि एखाद्या मुलीनं आठवडाभर शाळेत येऊ नये. शाळेनं पोलिसांत जावं, पान बंद करावं, हे ठीकच. पण अशा पानांचं खरं उत्तर म्हणजे शाळेचं एक उघड पान, जिथे लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि ज्याला उत्तर द्यायचं त्याला उत्तराची जागा असते. निनावी कुचाळकीची भूक बऱ्याचदा उघड बोलायला जागा नसल्यानं वाढते.

चुकीची दुरुस्ती कशी करायची हे तर लिहूनच ठेवलं पाहिजे. सध्याची रीत म्हणजे चूक लक्षात आली की पोस्ट पुसून टाकायची आणि काही झालंच नाही असं वागायचं. ज्यांनी पहिली पोस्ट वाचली त्यांच्या डोक्यात चूक तशीच राहते. शाळेच्या पानानं चूक झाली की त्याच जागी, तेवढ्याच ठळकपणे, काय चुकलं आणि बरोबर काय ते सांगावं. पोस्ट पूर्ण काढावीच लागली, एखाद्या मुलाची ओळख उघड झाली म्हणून, तर काढली आहे एवढं तरी सांगावं. त्या वार्ताहराला मात्र वर्गात उभं करू नये. दुरुस्तीची जबाबदारी पानाची, मंडळाची.

राहतो तो सगळ्यात कठीण प्रश्न: मुलं शाळेबद्दलच लिहू लागली तर? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, पोषण आहाराची खिचडी कच्ची आली, क्रीडांगणावर मंडप घालून लग्नं लागतात. इथेच बहुतेक धोरणांची परीक्षा होते आणि इथेच ती कोसळतात, कारण धोरणात कुठेतरी ‘शाळेच्या प्रतिमेला बाधा येईल असा मजकूर नसावा’ हे वाक्य घुसलेलं असतं. ते वाक्य काढलंच पाहिजे. त्याच्या जागी असं लिहावं: मुलांनी मुख्याध्यापकांना प्रश्न लेखी द्यावेत, त्यांना उत्तरासाठी दोन दिवस मिळावेत, उत्तर आलं तर ते पूर्ण छापावं, नाही आलं तर ‘उत्तर मिळालं नाही’ एवढंच छापावं. ज्या शिक्षकाचा त्या विषयाशी संबंध आहे तो त्या बातमीच्या सल्ल्यापासून दूर राहील, कॅन्ससच्या त्या शिक्षिकेसारखा. शिक्षक चूक दाखवतील, धोका सांगतील, कायदा समजावतील. बातमी थांबवायची वेळ आलीच तर कारण लेखी देतील, आणि ते कारण कायद्यातलं किंवा एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेचं असेल, अवघडलेपणाचं नसेल.

मुख्याध्यापकांची भीती खोटी नाही. अनुदानित शाळा, वर संस्था, तिच्यावर शिक्षणाधिकारी, आणि फाटकाबाहेर कधीही जमू शकणारा जमाव. २०२३ नंतर कोल्हापुरात तर ही भीती कुणी अतिशयोक्त म्हणू शकत नाही. पण नेमकं त्यासाठीच लेखी धोरण हवं. काही घडलं तर ज्याच्याकडे धोरण नाही तो मुख्याध्यापक दबावाखाली मुलाचं नाव सांगून मोकळा होतो. ज्याच्याकडे धोरण आहे त्याला दाखवायला कागद असतो: बातमी अशी तपासली, समोरच्याची बाजू अशी घेतली, दुरुस्ती अशी केली. आणि त्या धोरणाचं पहिलं कलम शाळेनं स्वतःवर घालून घ्यावं. बाहेर कितीही राग असो, शाळा कुठल्याही विद्यार्थ्याचं नाव, फोटो किंवा घरचा पत्ता जमावाला, पक्षाला, संघटनेला किंवा वाहिनीला देणार नाही. मुलानं चूक केली असेल तर त्याच्याशी शाळा बोलेल, पालक बोलतील, गरज पडली तर बाल न्याय मंडळ बोलेल. रस्ता बोलणार नाही. एवढं वचन न देता मुलांकडून जबाबदारीची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

हे सगळं लिहायला समिती नेमून वर्ष घालवायची गरज नाही. जूनमध्ये शाळा उघडली की आठवी ते दहावीतली सात-आठ मुलं, दोन शिक्षक, दोन पालक आणि शक्य असेल तर शहरातल्या एखाद्या दैनिकातला निवृत्त उपसंपादक, एवढे लोक दोन शनिवार बसले तरी दोन पानांचा मसुदा होतो. शिवाजी विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग याच शहरात आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी महिन्यातून एकदा शाळेत येऊन मुलांच्या बातम्या तपासाव्यात, तर दोघांचंही शिक्षण होईल. पानाचा पासवर्ड एका मुलाकडे कधीच नसावा. दोन मुलं आणि एक शिक्षक यांच्याकडे तो असावा आणि दरवर्षी मार्चमध्ये बदलावा. कुठलीही बातमी लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या एकानं वाचल्याशिवाय जाऊ नये. रात्री दहानंतर काहीही टाकू नये, कारण त्या वेळी चूक पाहायला कुणी जागं नसतं आणि भडकायला मात्र सगळे जागे असतात.

आणि मुलं दहावी होऊन जातील, त्यांच्या बातम्या मात्र राहतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठराखालच्या व्यक्तीची माहिती हाताळायला पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे, तेव्हा मुलाचं नाव बातमीवर देण्याआधी पालकांची लेखी संमती घ्यावीच. पण चौदाव्या वर्षी आईवडिलांनी दिलेली संमती एकविसाव्या वर्षी त्या मुलीला नकोशी वाटू शकते. नोकरीच्या मुलाखतीत कुणी तिची जुनी बातमी काढेल, किंवा तिचं मतच बदललेलं असेल. तिनं कळवलं तर शाळेनं बातमी तशीच ठेवून तिचं नाव काढावं आणि खाली ‘लेखिकेच्या विनंतीवरून नाव काढलं आहे’ अशी तारखेसह नोंद करावी. बातमी खरी असेल तर ती गावाची असते, नाव तिचं असतं. कारण विचारू नये, अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर महिनोन्महिने पडू देऊ नये, आठ दिवसांत हे काम करावं.